जंगलात तंबूतली पहिली एकट्याची रात्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सह्याद्रीपुरतं आहे. ग्रुपबरोबर ट्रेक केलेत, पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालायची सवय आहे आणि आता एक रात्र एकट्यानं तंबूत काढायची इच्छा आहे, अशांसाठी ते लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. एकट्यानं राहायला जायचं म्हणजे माणसांपासून तुटून जायचं नव्हे. पायथ्याच्या गावातलं निदान एक घर तुम्हाला ओळखत असलं पाहिजे. परवानगी, पाणी, साप, वाट चुकणं, काहीही विचारा, खालची बरीचशी उत्तरं फिरून त्या घरापाशीच येतात.

माझी तयारी झाली आहे, हे कसं ओळखू?

तंबू अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात, कुणाच्या मदतीशिवाय लावता आणि काढता येतो का? पूर्ण भरलेली सॅक घेऊन चार-पाच तास चालल्यावरही डोकं ताळ्यावर राहतं का? आलेल्या वाटेनं परत फिरायला लागलं तर खुणा आठवतात का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तयारी झाली.

नसेल तर आधी गच्चीवर एक रात्र काढा. त्यानंतर कुणा नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या शेतात काढा. झोपताना मॅट कमी पडते, पहाटे पाठ गारठते, तंबूची चेन अडकते, हे सगळं तिथे कळू दे. जंगलात पहिल्यांदा कळलं तर त्याचं ओझं दुप्पट होतं.

पहिल्या वेळी जागा कुठली निवडावी?

पूर्वी दिवसा जाऊन आलेली. गावापासून फार तर अर्धा-पाऊण तासाच्या चालीवर असलेली. जवळ पाण्याची सोय असलेली. आणि शक्यतो कुणाच्या तरी मालकीची.

या शेवटच्या अटीवर माझा भर आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात रतनवाडी, साम्रद, पाचनई, बारी अशी गावं आहेत. आजूबाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचं रान आहे, पण गावकऱ्यांची भातखाचरं, माळ, घरामागची पडीक जमीन त्यांची स्वतःची आहे. भात निघाल्यावर रिकाम्या झालेल्या अशा तुकड्यावर तंबू लावला की समोर डोंगर, मागे झाडी, आणि हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दिवा. पहिल्या रात्रीला यापेक्षा जास्त जंगल लागत नाही. भोर, मावळ, मुरबाड, जव्हार या बाजूंनाही अशी गावं आहेत.

घनदाट रानात, चार तास आत जाऊन राहण्याची घाई पहिल्या वेळी करू नका. अंतर वाढलं म्हणून अनुभव खोल होत नाही. एकटेपणा गावापासून हजार पावलांवरही पुरेपूर जाणवतो. अडचण आली तर मात्र तीच हजार पावलं चालून जाता येतात आणि चार तासांची वाट रात्री चालता येत नाही.

परवानगी लागते का? इतके लोक तर असेच राहतात.

लागते, आणि इतके लोक असेच राहतात ही सबब वन खात्याच्या नाक्यावर चालत नाही.

जंगल कुठल्या प्रकारचं आहे ते आधी पाहा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. तिथे प्रवेशालाच परवानगी हवी, आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी, फणसाड ही सगळी अभयारण्यं आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्याला बामणोलीहून होडीनं जाता येतं, पण त्याच दिवशी परतावं लागतं, मुक्काम नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात एकट्यानं तंबूत राहण्याचा विचारच सोडून द्या.

राखीव जंगलाला १९२७चा भारतीय वन कायदा लागतो. विनापरवाना शिरणं आणि आग लावणं हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. चौकशी करायची ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात, म्हणजे गावकरी ज्याला रेंज ऑफिस म्हणतात तिथे. बऱ्याच गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते, तिची पावती नाक्यावर मिळते. ती पावती प्रवेशाची असते, मुक्कामाची असेलच असं नाही. विचारून घ्या.

किल्ल्यांचं वेगळं आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली स्मारकं साधारण सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली असतात. लेण्यांत, मंदिरात, वाड्याच्या जोत्यावर तंबू लावणं नियमातही बसत नाही आणि त्या वास्तूंच्या दृष्टीनंही बरं नाही.

मालकीच्या जागेवर राहणार असाल तर मालकाचा होकार पुरतो. अभयारण्याच्या हद्दीतल्या गावात असाल तर नाक्यावर नोंद करूनच पुढे जा.

देवराईत राहिलं तर चालेल?

नाही. आहुप्यासारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या देवराया राखल्या त्या तिथली काटकीही न उचलण्याच्या शिस्तीवर. काही ठिकाणी चपला बाहेर काढून आत जातात. दिवसा गावातल्या कुणाला बरोबर घेऊन बघून या, आणि तंबू दुसरीकडे लावा.

कोणत्या दिवसांत जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पाऊस संपलेला असतो, झरे आणि टाकी अजून आटलेली नसतात, वाटा मोकळ्या झालेल्या असतात. मार्चपासून पाणी आटतं, गवत वाळतं आणि वणवे सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा असतात. पावसाळ्यात निसरड्या वाटा, धुकं, अचानक फुगणारे ओढे. त्या दिवसांत पहिली एकट्याची रात्र नकोच. जूनच्या तोंडावर काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गर्दी लोटते, त्यामुळे ते आठवडेही टाळा.

थंडीत एक हिशेब लोक विसरतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उजाडायला सात वाजतात, म्हणजे रात्र जवळजवळ तेरा तासांची. झोप त्यातली सात-आठ तास. उरलेला वेळ जागेपणी, अंधारात, एकट्यानं काढायचा आहे. म्हणून कॅलेंडरात तिथी बघा. शुक्ल पक्षातल्या एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतच्या रात्री पहिल्या वेळेला उत्तम. सूर्य मावळताना चंद्र वर आलेला असतो आणि निम्म्याहून अधिक रात्र सोबत देतो. तंबूबाहेरचं झाड हे झाडच आहे, एवढं दिसलं तरी मन शांत राहतं.

शनिवार टाळा. शनिवारी रात्री सगळ्या प्रसिद्ध जागांवर ग्रुप येतात, गाणी लावतात, दारू असते. रविवारी दुपारी गर्दी उतरायला लागल्यावर तुम्ही पोहोचलात तर सोमवार सकाळपर्यंत डोंगर तुमचा.

गावात जाऊन नेमकं कुणाशी, काय बोलायचं?

आदल्या खेपेला, दिवसाच्या ट्रेकला गेला असताना, कुणाच्या घरी जेवा. पिठलं-भाकरी, भात-आमटी जे असेल ते. पैसे नीट विचारून द्या, घासाघीस करू नका. घरच्या मामांचा किंवा मावशींचा फोन नंबर घ्या, नाव लिहून ठेवा. पुढच्या वेळी येण्याआधी फोन करा : अमुक दिवशी एकटाच येतोय, तंबू आणतोय, तुमच्या वरच्या खाचरात लावला तर चालेल का?

मग विचारा. पाणी सध्या कुठलं पितात? या आठवड्यात बिबट्यानं जनावर, कुत्रं मारलंय का? आग्यामोहोळ कुठे आहे? रानडुकरांसाठी शेतात वीज सोडली आहे का, फासे लावलेत का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. पिकं वाचवायला काही जण बेकायदा उघड्या तारेत वीज सोडतात आणि अंधारात शेताच्या बांधावरून चालणाऱ्याचा त्यात जीव जाऊ शकतो.

निघताना सांगा : सकाळी नऊपर्यंत चहाला येतो. एवढं वाक्य पुरतं. नऊ वाजून गेले आणि तुम्ही आला नाहीत तर त्या घरातलं कुणीतरी वर बघायला येईल.

घरच्यांना किती सांगावं?

सगळं, आणि लिहून. गावाचं नाव, मालकाचं नाव आणि फोन, तंबूची जागा, जायची-यायची वाट, गाडीचा नंबर किंवा कुठल्या एसटीनं जाणार, तंबूचा आणि जॅकेटचा रंग.

वेळा दोन द्या. पहिली, तुमचा फोन अपेक्षित असलेली, समजा दुपारी बारा. दुसरी, जिच्यानंतर त्यांनी हालचाल करायची, समजा चार. चारपर्यंत फोन नाही आला तर आधी गावातल्या घरी फोन, मग ११२. दोन वेळा दिल्या की रेंज नाही म्हणून बारा वाजता घरात रडारड होत नाही, आणि खरंच काही झालं असेल तर संध्याकाळपर्यंत वाट बघत कुणी बसत नाही.

ही चिठ्ठी घरच्यांना पटत नसेल, त्यांचा विरोध असेल, तरी खोटं सांगून जाऊ नका. ‘मित्राकडे चाललोय’ असं सांगून डोंगरात गेलेल्याला शोधायला लोक चुकीच्या दिशेला जातात.

फोनला रेंज नसेल तर?

नसेलच असं धरून चला. नकाशा आधी उतरवून घ्या, वाटेचा ट्रॅक फोनमध्ये साठवा, आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, जीपीएस तरीही चालतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री फोन आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. रेंज सगळ्यात शेवटी कुठे होती ती जागा वर जाताना लक्षात ठेवा.

परदेशात राहणाऱ्या आणि सुटीत इकडे येणाऱ्या मराठी मंडळींसाठी खास सूचना. तिकडे सर्रास वापरलं जाणारं सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय आणणं, वापरणं बेकायदा आहे. विमानतळावर ताब्यात घेतात. तिकडेच ठेवून या.

सामान काय काय?

एका रात्रीला ४५-५० लिटरची सॅक पुरे. पाण्यासकट वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका.

तंबू पूर्ण बंद होणारा, खाली शिवलेला तळ आणि आत जाळी असलेला हवा. उघड्यावर नुसती चादर टाकून झोपण्याचा हौसेचा प्रयोग सह्याद्रीत करू नये. त्याचं कारण सापांच्या प्रश्नात आहे. हिवाळ्यात तंबू लागतो तो पावसासाठी नाही, तर किडा-मुंगी, साप आणि दव यांच्यासाठी. विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणा.

मॅट चांगली घ्या. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, आणि भंडारदऱ्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. त्यानुसार स्लीपिंग बॅग, लोकरीची माकडटोपी, कोरडे मोजे आणि झोपायचे वेगळे कपडे, जे दिवसभर पिशवीतच राहतील. घामानं भिजलेल्या सुती बनियनवर झोपलात तर रात्रभर कुडकुडाल.

बूट पायात मुरलेले हवेत. अ‍ॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज घालून लोकांनी वर्षानुवर्षं सह्याद्री पालथा घातला आहे, महागड्यांची गरज नाही.

हेडलॅम्प आणि दुसरी लहान बॅटरी. एकच दिवा घेऊन एकट्यानं जाऊ नये. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला, हाताशी. चाकू, काडेपेटी, दोरी, सुई-दोरा, कागद-पेन्सिल. औषधांत क्रेप बँडेज, पट्ट्या, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीची गोळी, ओआरएस आणि तुमची रोजची औषधं. कागदावर रक्तगट, अ‍ॅलर्जी, घरचा फोन लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

जेवणाचं काय? स्टोव्ह न्यावा का?

लोकलनं किंवा एक्सप्रेसनं कसाऱ्याला उतरून पुढे जाणार असाल तर गॅसचा डबा सॅकेत ठेवता येणार नाही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी आहे, एसटीतही तेच. स्वतःची गाडी असेल तरच स्टोव्हचा विचार करा, आणि तोही तंबूच्या आत कधीही पेटवू नका. बंद तंबूत आग लागण्याचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड साठून झोपेतच माणूस जातो.

माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी स्वयंपाकाचा घाटच घालू नका. दुपारी तीनच्या आत गावात गरम जेवा आणि मग वर जा. बरोबर दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिवडा न्या. थर्मासमध्ये चहा भरून घ्या. रात्री तीनला जाग आली आणि मन सैरभैर झालं तर गरम चहा आणि गुळाचा खडा फार धीर देतो.

खाणं तंबूत उघडं ठेवू नका. उंदीर कापड कुरतडून आत येतात, उदमांजर फिरत असतं, सकाळी वानरं येतात. डब्यात बंद करून, पिशवीत घालून तंबूपासून थोडं दूर फांदीला टांगा.

पाणी किती आणि कसं?

चार लिटर घेऊन चढा, जवळ झरा आहे असं सांगितलं असलं तरी. कातळातल्या टाक्याचं पाणी नितळ दिसतं म्हणून तसंच पिऊ नका. फडक्यानं गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हात-पाय, भांडी धुऊ नका. त्यातलं पाणी मे महिन्यापर्यंत गावाच्या गुरांना पुरवायचं असतं.

ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

तंबू नेमका कुठे लावावा?

चारच्या आत जागेवर पोहोचा, कारण जागा निवडायला उजेड लागतो. आधी वर बघा : वाळकी फांदी, मोहोळ. मग खाली बघा : वारूळ, दगडांच्या कपारी, बिळं, उंच वाळलेलं गवत. मग आजूबाजूला : कोरड्या ओढ्याचं पात्र नको, जनावरांची पायवाट नको, पाणवठ्याचा काठ नको. रात्री तिथे पाणी प्यायला येणारे येतात, आणि त्यांची वाट अडवायचा आपल्याला अधिकार नाही. कड्याच्या टोकावर फोटो सुंदर येतो, पण तिथे वारा रात्रभर तंबू फडफडवतो आणि अंधारात लघवीला उठलेला माणूस चार पावलं चुकीची टाकू शकतो.

मोकळी, किंचित उताराची, थोडीशी आडोशाची जागा पुरे. डोकं चढाच्या बाजूला करून झोपा. चेन कायम बंद ठेवा, दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी. बूट आत घ्या, सकाळी झटकून मगच पाय घाला. विंचू असतोच.

शेकोटी?

नको. हे सांगताना बऱ्याच जणांची नाराजी मला ठाऊक आहे, पण सह्याद्रीतलं गवत डिसेंबरपासून वाळलेलं असतं आणि एक ठिणगी वाऱ्यावर किती लांब जाते ते वणवा विझवणाऱ्या गावकऱ्यांना विचारा. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कोवळी रोपं, गुरांचा चारा, सगळं एका रात्रीत जातं. गावातल्या घराच्या अंगणात पेटलेल्या शेकोटीशी बसा, तिथे गप्पाही मिळतील.

सापांची भीती वाटते. खरा धोका किती?

सावध राहणाऱ्याला कमी. पण माहिती पक्की हवी. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप महत्त्वाचे. घोणस जोरात फुत्कारते. फुरसं लहान, दगडांच्या आडोशाला राहणारं, कोकणात आणि डोंगरातल्या खडकाळ माळांवर भरपूर. मण्यार रात्री फिरते, उबेला जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपेत कळतही नाही. तळाचा, चेनचा तंबू हवा तो हिच्यासाठी.

दगड, लाकूड उचलताना आधी काठीनं हलवा. अंधारात बूट आणि हेडलॅम्पशिवाय एक पाऊलही नको.

दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, सापाला शोधत बसू नका. घड्याळात वेळ बघा, अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळीनं, काठीनं स्थिर करा. गावाला फोन करा, शिट्टी वाजवा. एकटे असताना शक्यतो चालू नका, माणसं वर येऊ देत. कुणापर्यंत आवाज पोहोचतच नसेल तरच सावकाश, न धावता खाली उतरा. १०८ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं. ते सगळ्यांत जवळ कुठल्या रुग्णालयात मिळतं याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवा. मांत्रिकाकडे नेऊ म्हणणारा भेटला तर हात जोडा आणि गाडी मागा.

आणि जनावरं?

माझ्या मते सह्याद्रीत सगळ्यांत जास्त धास्ती धरावी ती आग्या माश्यांची. कड्याच्या कपारीत, उंच झाडावर त्यांची मोठाली मोहोळं लटकतात. धूर, अत्तर-डिओ, आरडाओरडा, दगड यांनी त्या उठतात. चांदण्या रात्रीही त्या उडतात आणि उजेडाकडे झेपावतात. म्हणून मोहोळाच्या दिशेला बॅटरी मारू नका. उठल्या तर हात झाडत उभे राहू नका. डोकं-तोंड कापडानं झाका आणि सरळ लांब पळा, झाडीत किंवा बंद तंबूत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांग्या पटकन खरवडून काढा. खूप डंख झाले, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर तो तातडीचा प्रसंग समजा.

बिबट्या आहे, जवळपास सगळीकडे आहे, आणि तुम्हाला तो बहुधा दिसणारही नाही. गावातलं कुत्रं मागे मागे येतं, त्याला खाऊ घालून तंबूपाशी निजवू नका. बिबट्याचं ते आवडतं भक्ष्य. समोर आलाच तर वाकू नका, बसू नका, पळू नका. हात वर करून मोठे दिसा, दमदार आवाजात बोला, पाठ न फिरवता मागे सरा. रात्री लघवी-शौचाला बाहेर बसावं लागलं तर आधी बॅटरी चारी बाजूंना फिरवा.

गवा आणि रानडुक्कर यांना वाट द्या. राधानगरी-चांदोलीच्या बाजूला अस्वलं आहेत. अचानक समोरासमोर आलेलं अस्वल बिबट्यापेक्षा धोकादायक, त्यामुळे दाट झाडीत चालताना काठी आपटत, बोलत जा. तिलारी-दोडामार्गकडे हत्ती फिरतात, तिथे पहिली एकट्याची रात्र नकोच.

रात्री भीती वाटली तर?

वाटेल. साधारण आठ ते अकरा हा वेळ सगळ्यांत अवघड, कारण झोप आलेली नसते आणि कान टवकारलेले असतात. तंबूच्या कापडावर एक वाळकं पान पडलं तरी कुणी चालत आल्यासारखं वाटतं.

यावर एक खरा उपाय आहे : आवाज ओळखायला शिकणं. जाण्याआधी घरी बसून ध्वनिमुद्रणं ऐका. रातव्याची एका लयीतली ‘चक्‌-चक्‌-चक्‌’ किती तरी वेळ चालते. पिंगळ्यांचा कर्कश कलकलाट भांडणासारखा वाटतो. टिटवी मध्यरात्री अकारण ओरडत उडते. भेकराचं भुंकणं कुत्र्यासारखं, पण एकेक, थांबून थांबून येतं. ते बराच वेळ चाललं तर जवळपास एखादं मोठं जनावर फिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तंबूतच राहा. कोल्हेकुई लांबून येते आणि तशीच विरते. नाव माहीत असलेला आवाज ऐकू आला की भीतीच्या जागी कुतूहल येतं, आणि मग तुम्ही पुढच्या आवाजाची वाट बघायला लागता. एकट्यानं गेलेल्यालाच हे मिळतं. ग्रुपमध्ये रातवा ऐकू येण्याइतकं कुणी गप्प बसत नाही.

तरीही छाती धडधडत राहिली तर उठून बसा, दिवा लावा, चहा प्या, वहीत लिहा. गाणी लावून कानात इअरफोन घालू नका, कान बंद केले की मन जास्त घाबरतं. आणि अगदीच राहवलं नाही तर ओळखीच्या, दिवसा पाहून ठेवलेल्या वाटेनं, बॅटरी आणि काठी घेऊन खाली गावात जा. मावशी दार उघडतील. म्हणून तर जागा अर्ध्या तासाच्या अंतरावर निवडली.

शौचाला कुठे?

पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब, वितीएवढा खोल खड्डा खुरप्यानं खणून, मग माती लोटून. टिश्यू, सॅनिटरी पॅड पुरू नका, पिशवीत बांधून परत आणा. ओले वाइप्ससुद्धा.

एकट्या बाईनं जावं का?

जावं. मी जाते. नियम तेच, दोन-तीन वाढीव. गावात ओळख घरातल्या बाईशी करा, आणि तंबू त्या घराच्या नजरेच्या टप्प्यात, अंगणात किंवा परसातल्या शेतात लावा. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांना एकटी आहे, अमुक ठिकाणी राहणार आहे, हे सांगायची गरज नाही. ‘मामांकडे चाललेय’ हे पुरे, आणि ते खरंही असतं. फोटो परत आल्यावर टाका. मनाला खटकलं तर कारण शोधत बसू नका, तंबू गुंडाळा आणि घरात झोपायला जा. पाळी त्याच दिवसांत आली तर अडचण फक्त सामानाची, जंगली जनावरं त्या वासानं येतात या समजुतीनं बेत रद्द करू नका.

वाट चुकले किंवा पाय मुरगळला तर?

थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची ओळखीची खूण आठवत असेल तर तिथपर्यंतच मागे जा. आठवत नसेल तर हलू नका. ओढ्याच्या कडेनं उतरत गेलं की गाव लागतं, हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा आहे. इथले ओढे कड्यावरून खाली पडतात.

शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत : मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. रात्री बॅटरीनं तसंच. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०८ रुग्णवाहिका, १९२६ वन विभाग. डोंगरातल्या शोधकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्रसारखी पथकं आहेत. त्यांचे चालू नंबर निघण्याआधी शोधून चिठ्ठीवर लिहा. पण सगळ्यांत आधी पोहोचतो तो पायथ्याचा गावकरी.

हवा बदलली तर?

उतरा. डिसेंबरातही अवकाळी पाऊस येतो. विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलं आहे, निघताना बघून घ्या. गडगडाट ऐकू आला की कडा, एकटं झाड आणि उंच माळ सोडून गावातलं पक्कं घर गाठा. तंबू विजेपासून वाचवत नाही.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

पहिलं, ठरल्या वेळी घरी आणि गावात फोन. दुसरं, तंबू उन्हात पूर्ण वाळवणं. दवानं ओला झालेला तंबू गुंडाळून ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो.

तिसरं महत्त्वाचं. गरम पाण्यानं अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, कंबरेशी गोचीड चिकटली आहे का ते नीट बघा. असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, जळती काडी लावू नका. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गवतात, जंगलात राहून आलोय’ हे न विचारता सांगा. गवतातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांपासून होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये चावलेल्या जागी बऱ्याचदा काळी खपली दिसते, आणि वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी तो बरा होतो. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीकडून आला असाल तर गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचाही उल्लेख करा. त्या भागात तो डिसेंबर ते मे या काळात जास्त आढळतो, म्हणजे नेमका तंबूच्याच दिवसांत.